कपाट नावाचा फ्रीज

माझ्या ताईच्या घरातल्या फ्रीजवर 'कपाट' अशी चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि ती मीच चिकटवली होती. पूर्ण शुद्धीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या इमारतीत या विषयावर एवढी मतं तयार झाली आहेत, की माझी बाजू ऐकून घ्यायला आता परकी माणसंच शोधावी लागतात.

सुरुवात झाली ती दोन चिकटलेल्या पानांपासून.

भिंगरी ही माझी भाची. शाळेत तिचं दुसरं नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती कोण आलंय म्हणून स्वतःच मागे वळून बघते. ती दुसरीत होती आणि वर्गात सगळ्यांत सुरेख वाचायची. स्वल्पविरामाला थांबायची, पूर्णविरामाला श्वास घ्यायची, प्रश्नचिन्ह आलं की भुवया वर करायची आणि बरोब्बर जागी पान उलटायची. शाळेत कोणी पाहुणे आले की हिलाच उभं करायचे. मग एक दिवस कुणाच्या तरी डब्यातला जॅम सांडून तिच्या पुस्तकाची दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटली, आणि भिंगरीने ती चिकटलेली पानंसुद्धा खणखणीत आवाजात वाचून दाखवली.

बाईंना आधी कौतुक वाटलं. मग त्यांनी पुस्तक हातात घेऊन पानं सोडवून पाहिली. सुटेनात. तेव्हा त्यांनी फळ्यावर 'बदक' असा शब्द लिहिला आणि म्हणाल्या, "हे वाच बरं."

भिंगरीने फळ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग नम्रपणे विचारलं, "चित्र कुठंय?"

तर मुलीला अख्खं पुस्तक पाठ होतं आणि अक्षर एकही येत नव्हतं. मला विचाराल तर या पराक्रमाला बक्षीसच द्यायला हवं होतं, पण शाळेची बक्षिसं आधीच ठरलेली असतात. ताईला आणि भावजींना मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. ठरलं ते असं: सुट्टी लागण्याआधी भिंगरीने मुख्याध्यापिकांसमोर कधीही न पाहिलेलं एक पान वाचून दाखवायचं. जमलं तर तिसरी. नाही जमलं तर पुन्हा दुसरी.

पुन्हा दुसरी हे ऐकून भिंगरी पहिल्यांदा रडली. तिला दुसरीचा राग नव्हता, प्रश्न बाकाचा होता. तिची जिवाची मैत्रीण तिसरीत जाणार होती आणि दोघींनी खिडकीजवळचं बाक आधीच ठरवून ठेवलं होतं. "ती म्हणाली, दप्तर ठेवून माझी जागा धरीन," भिंगरी हुंदके देत म्हणाली. "पण मामा, वर्षभर कोण दप्तर ठेवू देईल?"

घरात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण रिकामा असा मी एकटाच होतो. रिकामा हा ताईचा शब्द. मी स्वतः एका मुलाखतीच्या निकालाची वाट पाहत होतो, आणि वाट पाहणं हे पूर्ण वेळाचं काम आहे हे नोकरी असलेल्या माणसांना कळत नाही.

"एवढा शिकलास ना," ताई म्हणाली, "मग शिकव तिला वाचायला."

"ताई, मी साहित्य शिकलोय. अक्षरं नाही."

"अक्षरांशिवायच शिकलास होय," ताई म्हणाली. "तरीच."

आमच्या इमारतीत बातमी जिन्याने जाते, कारण लिफ्ट बंद असते. त्यामुळे ती प्रत्येक मजल्यावर थोडी थोडी थांबत, दम खात जाते आणि वाटेत वाढते. माझ्या कानावर परत आली तेव्हा मी मुलांना वाचायला शिकवण्याची नवी पद्धत शोधून काढली आहे, असं तिचं स्वरूप झालं होतं. आणि पद्धत मी शोधली असली तरी ती कशी असावी हे सांगायला सगळे आमच्या दारात उभे.

समोरच्या काकूंनी तीन मुलं वाढवली आहेत. त्या म्हणाल्या, "एकदम वाच म्हणू नकोस रे तिला. आधी अक्षरांची ओढ लाव."

"ती कशी लावायची, काकू?"

"ते तू बघ. मी काय शिकलेली आहे?"

तळमजल्यावर दाताचे डॉक्टर आहेत. त्यांचं म्हणणं पडलं, की वाचनाचा अडथळा पुष्कळदा दाढेत असतो. मी चकित झालो तेव्हा त्यांनी विचारलं, "दाढ ठणकत असताना तुम्ही कधी वाचलंय?" मी नाही म्हणालो. "मग," असं म्हणून त्यांनी भिंगरीचं तोंड उघडून बॅटरीने आत पाहिलं. दाढा ठणठणीत निघाल्या. डॉक्टर खरोखर हिरमुसले.

आणि सेक्रेटरीकाका. आयुष्यभर सरकारी कचेरीत बसून ते निवृत्त झाले, म्हणजे आता आमच्या इमारतीत बसतात. ते म्हणाले, "तिला आधी अर्ज लिहायला शिकवा. वाचता आलं नाही तरी चालेल. अर्ज कोणी वाचत नाही."

मी सर्वांचे आभार मानले आणि माझ्या मनाने चाललो. घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या नावाची चिठ्ठी लावायची, म्हणजे मूल येता-जाता आपोआप वाचायला लागतं, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. जाड कागद कापले, गोल गोल अक्षरात लिहिलं आणि दार, खिडकी, खुर्ची, कपाट, फ्रीज असं सगळं घर नावारूपाला आणलं. लावताना भिंगरीला एकेक अक्षर बोट ठेवून म्हणून दाखवलं. भावजींच्या शर्टाच्या खिशावर 'बाबा' अशी चिठ्ठी लावली. ती काढायला विसरून ते ऑफिसात गेले. दिवसभर लोक त्यांच्याशी नेहमीपेक्षा आदराने वागले, आणि एकाने तर वाकून नमस्कार केला.

दुसऱ्याच दिवशी भिंगरीने घरभर फिरून सगळ्या चिठ्ठ्या धडाधड वाचल्या. दार. खिडकी. खुर्ची. मुलाखतीच्या निकालाची गरज न उरलेल्या माणसाच्या नजरेने मी ताईकडे पाहिलं. मग ताईने शांतपणे फ्रीजवरची चिठ्ठी सोडवली आणि भिंगरीसमोर धरली.

"हे काय?"

"चिठ्ठी," भिंगरी म्हणाली.

"तिच्यावर काय लिहिलंय?"

"ते तू आधी कशाला तरी लाव. मग सांगते."

ताई काही बोलली नाही. ताई बोलत नाही तेव्हा फार बोलते. भिंगरीने मात्र माझी बाजू घेतली. "मामा, तू छान लिहिलंयस. पण फ्रीज हा फ्रीजच दिसतो. त्याच्यावर फ्रीज लिहिलंयस ते कुणासाठी?"

मी फ्रीजकडे पाहिलं. खरंच, त्याला नसेल माहीत असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं.

मी इतका खट्टू झालो की सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या, आणि रात्री परत लावताना काय कुठे जातंय याकडे लक्षच दिलं नाही. सकाळी भिंगरी दूध काढायला गेली आणि फ्रीजसमोर थबकली. डोकं एकदा डावीकडे केलं, एकदा उजवीकडे.

"मामा, हे कालच्यासारखं नाहीये."

"काय लिहिलंय मग?"

ती पुढे सरकली. बोट ठेवलं. तोंडातल्या तोंडात काहीतरी चाललं होतं.

"क," ती म्हणाली. "क... पा... ट." मग तिचे डोळे फ्रीजच्या दाराएवढे झाले. "कपाट? मामा, तू चुकलास."

तिच्या आवाजात जो आनंद होता तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. दूध राहिलं बाजूला. ती घरभर धावली. खुर्चीवर 'खिडकी' होती. कपाटावर 'दार'. प्रत्येक चिठ्ठीपाशी ती बोट ठेवून झटापट करायची, शब्द सुटला की टाळ्या पिटायची आणि ओरडायची, "आई, मामा इथे पण चुकलाय." दुपारपर्यंत मी घरातल्या एकूण एक वस्तूबद्दल चुकलो होतो, आणि भिंगरी वाचत होती.

दुसऱ्याची चूक काढायला मिळणार असेल तर माणूस काहीही शिकतो, हे शिक्षणाच्या पुस्तकांत असेल-नसेल, आमच्या इमारतीच्या सभेत मात्र दर वेळी सिद्ध होतं. मी लगेच नियम केला. आजपासून सगळ्या चिठ्ठ्या चुकीच्या. जिला चूक सापडेल तिने ती खोडून खाली बरोबर काय ते लिहायचं. म्हणजे वाचनही झालं, लेखनही झालं, आणि माझी झालेली गफलत ही पद्धत ठरली.

घरातल्या वस्तू लवकरच संपल्या, म्हणून मी वाक्यांवर आलो. 'या पलंगाखाली हत्ती झोपला आहे.' भिंगरीने वाचलं, वाकून पाहिलं आणि खाली लिहिलं, 'बाबांचा मोजा झोपला आहे.' 'हे घड्याळ चालते.' खाली: 'थांबलय.' 'आईला कधी राग येत नाही,' हे मी ताईच्या आरशावर लावलं. त्याच्याखाली तिने इतकं लिहिलं की आणखी एक कागद जोडावा लागला.

ताईने एकच बजावलं होतं, की स्वयंपाकघराला हात लावायचा नाही. मी हात लावला नाही. फक्त साखरेच्या बरणीवर 'मीठ' आणि मिठाच्या बरणीवर 'साखर' लिहिलं. त्याच दिवशी भावजींचे साहेब अचानक घरी आले, ताई बाहेर गेलेली होती, आणि भावजींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः चहा केला. भावजी वाचता येणारा माणूस. त्यांनी बरणीवरचं वाचलं आणि दोन-दोन चमचे घातले.

साहेबांनी चहा पूर्ण प्यायला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. माणूस मोठ्या पदाला उगाच चढत नाही. भावजींनी आणखी अर्धा कप विचारला तेव्हा ते म्हणाले, "घेतला असता हो, पण डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय."

रात्रीच्या जेवणाला भावजी माझ्याशी बोलले नाहीत. मी भाजीवर मीठ मागितलं तेव्हा त्यांनी बरणी पुढे सरकवली. कुठली ते मी न वाचताच ओळखलं, आणि भाजी गोड खाल्ली.

घर आता पुरेना. भिंगरी चुका शोधत समोर काकूंकडे जायला लागली. काकूंनी मला बोलावलं. "आमच्या दारावर पण एक लिही. पोरगी रोज येते आणि हात हलवत जाते, बरं नाही दिसत." मी लिहिलं, 'या घरात कोणी राहत नाही.' भिंगरीने वाचून खाली लिहिलं, 'काकू राहतात.' पण त्याआधी पार्सलवाला येऊन वरची ओळ वाचून परत गेला होता, आणि काकूंच्या चष्म्याची नवी काच जिथून आली तिथे पोचली. पुढचे काही दिवस काकू एका काचेने बघत होत्या. तरी त्यांची तक्रार नव्हती. "अर्ध्या चुका दिसतात," त्या म्हणाल्या, "तेवढ्या पुरे."

इमारतीतली बाकीची मुलंही मागे लागली. आता जिना, पत्रपेट्या, पाण्याची टाकी, सगळीकडे चिठ्ठ्या लावायच्या तर सेक्रेटरीकाकांची परवानगी हवी. मी विचारायला गेलो.

"अर्ज द्या," ते म्हणाले.

मी अर्ज दिला. त्यांनी तो न वाचता परत दिला. "मुलीच्या हस्ताक्षरात हवा. लाभार्थी ती आहे."

भिंगरीने जीभ बाहेर काढून अर्ज लिहिला. 'काका चिठ्या लावू दया.' काकांनी तो चक्क दोनदा वाचला आणि म्हणाले की इतका मुद्देसूद अर्ज त्यांच्या सबंध नोकरीत आला नव्हता. मात्र मंजुरीला अट घातली. कोणी आपली खरी चिठ्ठी मध्ये घुसवून गैरफायदा घेऊ नये म्हणून प्रत्येक चिठ्ठी आधी त्यांना दाखवायची. ते तपासणार, आणि ती नक्की चुकीची असली तरच शिक्का मारणार. शिक्का त्यांनी मुद्दाम बनवून घेतला: 'चुकीची असल्याची खात्री केली.' निवृत्तीनंतर त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज कोणी पाहिलं नव्हतं.

शिवाय त्यांनी खाली मोठी सूचना लावली: 'या इमारतीत चिकटवलेला प्रत्येक कागद चुकीचा आहे याची सर्वांनी नोंद घ्यावी.'

भिंगरीने ती बोट ठेवून शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाली, "काका, हा पण कागदच आहे ना?"

"ही सूचना आहे."

"पण चिकटवलाय."

"चिकटवलाय, बरं."

"मग हा चुकीचा."

"चुकीचा कसा असेल? मी स्वतः लिहिलाय."

"म्हणजे बरोबर आहे?"

"अर्थात."

"मग प्रत्येक कागद चुकीचा आहे हे बरोबर आहे. म्हणजे हा पण चुकीचा."

सेक्रेटरीकाकांनी सूचना पुन्हा वाचली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली आणि हळूच जिन्याच्या पायरीवर बसले. बऱ्याच वेळाने त्यांची बायको जेवायला बोलवायला आली, तर म्हणाले, "थांब, मी चुकलोय की नाही ते ठरतंय."

"ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच ठरलं," असं म्हणून त्या वर गेल्या.

इथवर सगळं ठीक होतं. भिंगरी आता पत्रपेट्यांपुढे न अडखळता वाचायची. बिघडलं ते तळमजल्यावर.

दाताच्या डॉक्टरांनी हौसेने आपल्या दारावर चिठ्ठी लावून घेतली होती: 'येथे केस कापून मिळतील.' रीतसर शिक्का होता. एक दिवस एक वाटसरू आत गेला आणि खुर्चीत बसला. खुर्ची मागे झुकली, गळ्याभोवती कापड बांधलं गेलं, समोर दिवा लागला. त्याला संशय यावा असं त्यात काही नव्हतं.

"बोला," डॉक्टर म्हणाले.

"मागचे अगदी कमी करा. पुढचे राहू द्या," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

डॉक्टरांनी तोंड उघडायला लावून आत पाहिलं. "तुम्हाला कळतंय म्हणायचं. मागचे दोन काढावेच लागतील. पुढचे चांगले आहेत."

डॉक्टरांनी सुई हातात घेतली तेव्हा त्याने डोळे उघडले. तो गळ्यातल्या कापडासकट रस्त्यावर पळाला आणि डॉक्टर ते कापड मागत त्याच्यामागे. सुई हातातच होती, त्यामुळे लोकांनी वाट सोडली.

ते मिटतंय तोच लिफ्ट दुरुस्त झाली. एरवी ही मंगल बातमी. पण बंद लिफ्टवर मी 'लिफ्ट चालू आहे' अशी चोख चुकीची चिठ्ठी लावली होती. आता लिफ्ट चालू झाली आणि चिठ्ठी बरोबर ठरली. लोकांना मात्र नियम पाठ. ती वाचून सगळे जिना चढत होते. लिफ्टचा मेकॅनिक बिचारा एकटाच वर-खाली करत राहिला.

"अहो, चालू झालीय लिफ्ट," त्याने पिशव्या घेऊन चाललेल्या काकूंना सांगितलं.

"तसंच लिहिलंय," काकू म्हणाल्या आणि जिना चढायला लागल्या.

सेक्रेटरीकाका स्वतः आमच्या चौथ्या मजल्यावर चढून आले आणि दारात धापा टाकत उभे राहिले. त्यांना दुःख लिफ्टचं नव्हतं. आपल्या शिक्क्याची चिठ्ठी बरोबर निघाली, हा डाग होता. "भिंगरीची परीक्षा होईपर्यंतच," ते म्हणाले. "त्या दिवशी संध्याकाळपासून या इमारतीत फक्त बरोबर चिठ्ठ्या. नाहीतर एकही नाही."

परीक्षेच्या सकाळी ताई, मी आणि भिंगरी शाळेत गेलो. भिंगरीची मैत्रीण फाटकाशी दप्तर पोटाशी धरून उभी होती. तिने काही विचारलं नाही. नुसतं दप्तर थोडं वर उचलून दाखवलं.

मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर तक्रारपेटी होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'ही पेटी रोज उघडली जाते.' भिंगरीने ते जाता जाता वाचलं आणि कुलपावरचं कोळ्याचं जाळं पाहून मला कोपराने ढोसलं. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आता काळजी नाही.

मुख्याध्यापिका उंच आणि शांत होत्या. त्यांनी एक पुस्तक उघडून भिंगरीसमोर ठेवलं. डावीकडे चित्र, उजवीकडे मजकूर.

"वाच बाळ."

भिंगरीने पुस्तक पाहिलं. मग मान वर करून विचारलं, "हे चुकीचं आहे की बरोबर?"

"म्हणजे?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "शाळेच्या पुस्तकात सगळं बरोबरच असतं."

"सगळं?"

"सगळं."

भिंगरीने पुस्तक मिटलं आणि त्यांच्याकडे सरकवलं. "मग वाचायचं कशाला?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. ती एका शब्दाने बोलली नाही, आणि मी तो सगळा वेळ ऐकत होतो. मुख्याध्यापिकांनी समोरच्या कागदावर लेखणी टेकवली. मला खिडकीजवळचं बाक दिसलं, त्याच्यावरचं दप्तर दिसलं, आणि ते दप्तर बाजूला करून बसणारी कोणीतरी दुसरीच मुलगी दिसली.

"बाई," मी म्हणालो, "त्या पानावर एक चूक आहे."

"चूक? आमच्या पुस्तकात?" त्यांची लेखणी थांबली. "कोणती?"

मी ते पान बापजन्मात पाहिलं नव्हतं. "ते मी सांगणं बरोबर नाही," मी म्हणालो. "परीक्षा तिची आहे."

भिंगरीने पुस्तक ओढून घेतलं. उघडलं. बोट ठेवलं. आणि जी सुटली ती थांबायलाच तयार नाही. 'सकाळ झाली. आई खिडकी उघडते. बाळ हसते.' प्रत्येक पूर्णविरामाला थांबून ती डावीकडे चित्रात पडताळा बघायची, मान हलवायची आणि पुढे जायची. भुवया वर करायला तिला सवड नव्हती. 'अंगणात मांजर बसले आहे.' बसलं होतं. शेवटची ओळ राहिली आणि मला घाम फुटला, कारण चूक सापडली नाही तर मी खोटा पडणार आणि ही मुलगी पुन्हा कोणतंही पुस्तक उघडणार नाही.

"'आजोबा चष्मा लावून वर्तमानपत्र वाचतात,'" भिंगरीने वाचलं. चित्राकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सापडली," ती म्हणाली.

मुख्याध्यापिका पुढे वाकल्या. "काय सापडलं?"

"आजोबांचा चष्मा कपाळावर आहे. डोळ्यांवर नाहीये. ते वाचत नाहीयेत." मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, "त्यांनी नुसतं समोर धरलंय. मला कळतं. मी पण असंच करायचे."

मुख्याध्यापिका कितीतरी वर्षं ते पान शिकवत आल्या असतील. त्या चित्राकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच्या कपाळावरचा चष्मा हळूच डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा पाहिलं.

"खरंच की," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी कागदावर 'तिसरी' असं लिहिलं. भिंगरीने ते उलट्या बाजूने वाचलं आणि खोलीतून धावत सुटली. फाटकापर्यंत तिचा आवाज ऐकू येत होता. त्यात मामाचं नाव कुठेही नव्हतं, पण मी अशा गोष्टी मनावर घेत नाही.

दुपारभर मी इमारतीतल्या चिठ्ठ्या काढत होतो. फ्रीजवरचं 'कपाट' तेवढं ताईने काढू दिलं नाही. "राहू दे," ती म्हणाली. "सवय झालीय." माझ्या कामगिरीबद्दल ती एवढंच बोलली.

संध्याकाळी मी मोठ्या समाधानाने चालत बिस्किटं आणायला गेलो. लोक माझ्याकडे बघून हसत होते. दुकानदार हसला. दाताचे डॉक्टर तर आपले सगळे दात दाखवून हसले. कर्तृत्वाचा वास पसरतो म्हणतात तो हाच, असं मला वाटलं. परत येताना जिन्यात काकू भेटल्या. त्यांची काच आलेली होती.

"मागे फिर बघू," त्या म्हणाल्या.

मी फिरलो. काकूंनी माझ्या पाठीवरून मोठ्याने वाचलं, "'माझा मामा एकदम ढ आहे.'"

बिस्किटांचा पुडा माझ्या हातात चुरला. मी जमेल तेवढ्या शांतपणे म्हणालो, "काकू, आपल्या इमारतीतल्या चिठ्ठ्या चुकीच्या असतात."

"होत्या," काकू म्हणाल्या. "संध्याकाळपासून बरोबर असतात. सेक्रेटरींचा हुकूम आहे. तुला कधी लावली ही?"

हाच प्रश्न होता. मी एका दमात चौथ्या मजल्यावर गेलो. लिफ्ट चालू होती, हे मला वर पोचल्यावर आठवलं. भिंगरी आणि तिची मैत्रीण जमिनीवर पालथ्या पडून एकाच पुस्तकात डोकं घालून होत्या. पुस्तक नवीन होतं. पानं एकही चिकटलेली नव्हती.

"भिंगरे, ही चिठ्ठी मला कधी लावलीस? दुपारी की संध्याकाळी?"

"थांब ना मामा," तिने मान वर न करता सांगितलं. "वाचतेय."

मी पाठीमागे हात घालून, आरशात वळून, खिळ्याला पाठ घासून ती चिठ्ठी कशीबशी सोडवली आणि दिव्याखाली धरली. तिरक्या ओळी, गोल गोल अक्षरं, शेवटी ठसठशीत पूर्णविराम. आणि कोपऱ्यात, जरा पुसट, सेक्रेटरीकाकांचा शिक्का: 'चुकीची असल्याची खात्री केली.'

माझा ऊर भरून आला. आमच्या इमारतीत एवढी अधिकृत दाद आजवर कोणालाही मिळालेली नाही. चिठ्ठी नीट घडी करून खिशात ठेवणार, तेवढ्यात शिक्क्याखाली काकांच्या बारीक अक्षरात लाल शाईने लिहिलेला एक शब्द दिसला.

'अंशतः.'